मॅनेजरची गच्छंती (फुटबॉल)

करार संपण्याआधीच फुटबॉल क्लबच्या मॅनेजरला किंवा मुख्य प्रशिक्षकाला पदावरून दूर करणे, आणि त्यावरून चाहत्यांमध्ये होणारा वाद. क्लबचे पत्रक चार ओळींचे असते. वाद त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो आणि काही क्लबांत दहा-पंधरा वर्षांनीही मिटलेला नसतो. वरवर पाहता तो एका माणसाबद्दल असतो. प्रत्यक्षात आपल्या क्लबने कोणत्या पायरीची आस धरावी, तिथवर पोहोचायला किती कळ सोसावी आणि हे ठरवायचे कुणी, यावर भांडण चाललेले असते.

सगळा रोख मॅनेजरवरच का, याचे कारण साधे आहे. खेळाडूंची खरेदी-विक्री वर्षातल्या ठरावीक आठवड्यांतच करता येते, पंचवीस जणांचा संघ एका रात्रीत बदलत नाही, आणि मालक तर कितीही घोषणा दिल्या तरी सहसा हलत नाही. बदलता येण्याजोगा उरतो तो मॅनेजर. त्यात इंग्लंडमध्ये मॅनेजर म्हणजे क्लबचा सर्वेसर्वा ही कल्पना रुजलेली. पूर्वी अनेक क्लबांत संघनिवड संचालक मंडळच करी. हर्बर्ट चॅपमन यांनी आधी हडर्सफील्डमध्ये आणि १९२५ पासून आर्सेनलमध्ये निवड, डावपेच, खरेदी असे सारे आपल्या हाती घेतले, आणि पुढच्यांना तोच नमुना मिळाला. आज बहुतेक मोठ्या क्लबांत खरेदीचे काम स्पोर्टिंग डायरेक्टर आणि त्याचा विभाग पाहतो. अधिकार वाटले गेले, खापर मात्र अजून एकाच डोक्यावर फुटते. गोल न करणारा स्ट्रायकर कुणाच्या पसंतीने आला होता, याची चौकशी बहुधा मॅनेजर गेल्यावर सुरू होते.

चाहूल

चेअरमनने ‘मॅनेजरवर आमचा पूर्ण विश्वास आहे’ असे जाहीर केले की दिवस भरले, असे चाहते समजतात, आणि पुष्कळदा ते खरेही ठरते. नाराजी दाखवण्याच्या रीती देशागणिक वेगळ्या आहेत. स्पेनमध्ये प्रेक्षक पांढरे रुमाल फडकवतात. इंग्लंडमध्ये फलक लागतात, शिट्ट्या आणि हुर्यो होते.

यातले टोक १८ मार्च २०१७ रोजी वेस्ट ब्रॉमविच अल्बियनच्या मैदानावर गाठले गेले. आर्सेनलने तो सामना १-३ असा गमावला. त्या दिवशी मैदानावरून दोन विमाने गेली. एकाच्या मागे आर्सेन वेंगर यांना नवा करार देऊ नका असा फलक होता, दुसऱ्याच्या मागे त्यांच्यावर आमचा भरवसा आहे असा. एकाच क्लबच्या चाहत्यांनी पदरमोड करून आपसातले भांडण आकाशात नेले होते.

वेंगर प्रकरण या विषयाचा जवळपास आदर्श नमुना म्हणता येईल, कारण तिथे संघ वाईट नव्हता. १९९६ मध्ये आलेल्या वेंगर यांनी २००३-०४ चा लीग हंगाम एकही पराभव न होता जिंकून दिला होता, आणि २०१५-१६ पर्यंत प्रत्येक पूर्ण हंगामात आर्सेनल पहिल्या चारांत राहिला. पण २००४ नंतर लीगचे विजेतेपद आले नाही. एक बाजू म्हणे, नव्या स्टेडियमचा खर्च पेलत क्लब वर ठेवला हेच मोठे काम; दुसरी म्हणे, चौथ्या क्रमांकालाच यश समजायची सवय लागली तर पहिला कधीच येणार नाही. दोघांकडे आकडे तेच होते. मे २०१७ मध्ये वेंगर यांना आणखी दोन वर्षांचा करार मिळाला, पण २०१८ मध्येच ते गेले. त्यांच्या जागी आलेले उनाई एमरी दीड वर्षात गेले. मग मिकेल आर्तेता यांच्या काळात क्लब लागोपाठ दोनदा आठवा आला, त्यांनाही नारळ द्या असा गलका झाला, पण या खेपेस व्यवस्थापन हलले नाही. २०२२-२३ आणि २०२३-२४ मध्ये आर्सेनल दुसरा आला. आठव्या क्रमांकावर धीर धरणारे तेव्हा दूरदर्शी ठरले. तसे निकाल लागले नसते तर तेच लोक नेभळट ठरले असते.

दाखल्यांची लढाई

थांबा म्हणणाऱ्यांचा हुकमी दाखला अॅलेक्स फर्ग्युसन यांचा. नोव्हेंबर १९८६ मध्ये ते मँचेस्टर युनायटेडमध्ये आले. १९८९-९० च्या हंगामात संघ लीगमध्ये तेरावा होता आणि त्यांना हटवा असा फलक त्यांच्याच मैदानात झळकला होता. त्याच हंगामात एफए कप (इंग्लंडमधली बाद पद्धतीची स्पर्धा) जिंकला गेला, १९९३ मध्ये त्यांच्या काळातले पहिले लीग विजेतेपद आले आणि २०१३ मध्ये निवृत्त होईपर्यंत लीगची १३ विजेतेपदे जमा झाली. दाखला खरा आहे, पण तो इतका वापरला गेला आहे की जणू धीर धरलेला प्रत्येक मॅनेजर फर्ग्युसनच निघतो. ज्यांच्यावर धीर वाया गेला त्यांची नावे कुणाच्या लक्षात राहत नाहीत. खुद्द फर्ग्युसन यांनी निरोपाच्या भाषणात नव्या मॅनेजरच्या पाठीशी उभे राहा असे सांगितले होते. त्यांच्या जागी आलेल्या डेव्हिड मोयेस यांचा करार सहा वर्षांचा होता. २० एप्रिल २०१४ च्या एव्हर्टनविरुद्धच्या पराभवाने चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेत जाण्याची आशा संपली आणि दोन दिवसांत त्यांना काढण्यात आले.

‘आहे त्यात समाधान माना’ म्हणणाऱ्यांचा दाखला चार्लटन अॅथलेटिकचा. १९९१ पासून तिथे असलेल्या अॅलन कर्बिशली यांनी क्लब प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत, स्थिर केला होता. दरवर्षी मध्यावरच अडकतो, अशी कुरकुर तिथेही होती. मे २००६ मध्ये ते बाजूला झाले. पुढच्या एकाच हंगामात क्लबने तीन मॅनेजर पाहिले आणि २००७ मध्ये तो खालच्या श्रेणीत गेला. २००९ मध्ये आणखी एक पायरी खाली. इंग्लंडमधल्या मधल्या फळीच्या क्लबांत बदलाची मागणी उठली की कुणीतरी चार्लटनचे नाव काढतोच.

याला छेद देणारा दाखला साउदॅम्प्टनचा. नायजेल अॅडकिन्स यांनी संघाला लागोपाठ दोन बढत्या मिळवून देत तिसऱ्या श्रेणीतून प्रीमियर लीगमध्ये आणले होते. १६ जानेवारी २०१३ रोजी चेल्सीच्या मैदानावर ०-२ असे मागे पडूनही संघाने बरोबरी साधली, आणि दोन दिवसांनी अॅडकिन्स यांना काढल्याची बातमी आली. जागी आले मॉरिसिओ पोचेत्तिनो, जे तेव्हा पत्रकारांशी दुभाष्यामार्फत बोलत. चाहते खवळले. त्यांचा राग पराभवाचा नव्हता, कृतघ्नतेचा होता: ज्याने वर आणले त्याला असे घालवतात का? त्या हंगामात संघ चौदावा आला, पुढच्या वर्षी आठवा, आणि खेळाचा बाज पाहून टीका करणारेही निवळले. अॅडकिन्स यांच्यावर अन्याय झाला, आणि निर्णय बरोबर होता. ही दोन वाक्ये एकत्र खरी असू शकतात, हे मान्य करण्याची तयारी वादात क्वचितच दिसते.

जिंकूनही पद जाते. व्हिसेंते देल बॉस्के यांनी रेआल माद्रिदला दोन चॅम्पियन्स लीग दिल्या. जून २००३ मध्ये स्पॅनिश लीग जिंकल्याच्या दुसऱ्याच दिवशी करार वाढवणार नसल्याचे त्यांना कळवण्यात आले. त्यानंतर लीगचे पुढचे विजेतेपद २००७ पर्यंत आले नाही. देल बॉस्के यांनी २०१० मध्ये स्पेनला विश्वचषक जिंकून दिला.

नव्या मॅनेजरची उसळी

बदलानंतर निकाल सुधारतात हा समज सर्वत्र आहे. लेस्टर सिटीने २०१५-१६ मध्ये क्लाउडिओ रानिएरी यांच्या हाताखाली लीग जिंकली. नऊ महिन्यांनी, २३ फेब्रुवारी २०१७ रोजी, संघ पदावनतीच्या (खालच्या श्रेणीत जाण्याच्या) रेषेपासून एका गुणावर असताना त्यांना काढण्यात आले. सहायक क्रेग शेक्सपियर यांच्याकडे सूत्रे गेली आणि संघाने लीगचे पुढचे पाचही सामने जिंकले. शेक्सपियर यांना पद कायम मिळाले, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये तेही घरी गेले.

घोडे पेंड खाते ते तुलनेपाशी. मॅनेजर काढला जातो तो घसरणीच्या तळाशी, आणि तळानंतर थोडीफार चढण तशीही येते. अर्थशास्त्रज्ञ बास तेर वेल यांनी १९८६ ते २००४ मधल्या डच लीगचा अभ्यास करताना हेच तपासले: तशाच घसरणीत सापडूनही ज्या क्लबांनी मॅनेजर ठेवला, त्यांचे निकालही जवळपास तितकेच सुधारले होते. म्हणून बदल नेहमी निरर्थक असतो असे नाही. साउदॅम्प्टनसारखा बदल आधीपासून ठरलेल्या दिशेने केलेला असतो, घाबरून नव्हे. चाहत्यांनी विचारण्याजोगा खरा प्रश्न ‘हा नको’ नसून ‘मग कोण, आणि कशासाठी’ हा आहे. गर्दीच्या घोषणेत तो बसत नाही, ही अडचण.

मतदार चाहते

जिथे क्लब सभासदांचा असतो तिथे हा वाद मतपेटीपर्यंत जातो. बार्सिलोनाचा अध्यक्ष सभासद निवडतात, त्यामुळे मॅनेजर हा प्रचाराचा मुद्दा होतो. २०२१ च्या निवडणुकीत उमेदवार व्हिक्तोर फोंत यांनी मॅनेजर म्हणून क्लबचे माजी खेळाडू शावी यांचे नाव पुढे केले होते. फोंत हरले, जोआन लापोर्ता जिंकले. आणि तेव्हाचे मॅनेजर रोनाल्ड कूमन यांना काढल्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरात लापोर्तांनीच शावी यांना आणले.

जर्मनीत ‘५०+१’ नियमामुळे मोजके अपवाद सोडता मताधिकाराचे बहुमत सभासदांच्या संस्थेकडे राहते. म्हणून तिथे मॅनेजर टिकतात असे मुळीच नाही. हंबुर्ग, शाल्क यांसारख्या क्लबांत माणसे भराभर बदलली. फ्रायबुर्ग मात्र वेगळ्या वाटेने गेला. फोल्कर फिंके तिथे १९९१ ते २००७ अशी १६ वर्षे होते. डिसेंबर २०११ मध्ये आलेल्या ख्रिस्तियान श्ट्राइश यांच्या काळात २०१५ मध्ये क्लबची पदावनती झाली, तरी त्यांनाच ठेवण्यात आले. २०१६ मध्ये संघ दुसरी श्रेणी जिंकून परत वर आला, २०२२ मध्ये जर्मन कपच्या अंतिम सामन्यात पोहोचला, आणि २०२४ मध्ये श्ट्राइश स्वतःहून बाजूला झाल्यावर सूत्रे क्लबचाच माजी कर्णधार युलियान शुस्टर याच्याकडे गेली.