जिओग्राफर कोन

हिंद आणि प्रशांत महासागरांतील प्रवाळ खडकांवर राहणारी विषारी, मांसाहारी समुद्री गोगलगाय. शास्त्रीय नाव कोनस जिओग्राफस. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली तिचे वर्णन केले. आढळ तांबडा समुद्र व आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पॉलिनेशियापर्यंत. आपला पूजेतला शंख वेगळ्याच कुळातला. त्याचा या जातीशी संबंध नाही.

शंख साधारण १० ते १५ सेंमी. लांब, पांढुरक्या अंगावर तांबूस-तपकिरी नकाशासारखे ठिपके व जाळी, कळसाच्या कडेने बोथट गाठी. शंकू गोगलगाईंच्या या कुळातले बहुतेक शंख जाड व अरुंद तोंडाचे असतात. हा मात्र पातळ, हलका आणि रुंद तोंडाचा. अख्खा मासा गिळणाऱ्या प्राण्याला असे तोंड सोयीचेच. जिवंतपणी शंखावर पातळ तपकिरी साल असते, त्यामुळे दुकानात दिसणारी नक्षी पाण्यात तितकी उठून दिसत नाही.

गोगलगाईने मासा पकडावा हेच मुळात नवल. ही शिकार करते रात्री, मासे खडकांच्या कपारींत विसावलेले असताना. ती आपले तोंड मोठ्या नरसाळ्यासारखे पसरते आणि एक किंवा अनेक छोटे मासे अलगद आत घेते. मासे धडपडत का नाहीत, याचे एक कारण २०१५ साली पुढे आले: हिच्या विषात माशांच्या इन्सुलिनशी मिळतेजुळते इन्सुलिन असते. ते पाण्यात सुटले की माशांच्या रक्तातली साखर उतरून ते सुस्तावतात, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. आत घेतलेल्या माशाला मग पोकळ, भाल्यासारखा दात टोचला जातो. एक दात एकदाच वापरायचा. राखीव दात पिशवीत तयार असतात. पचले नाहीत ते खवले आणि काटे ती नंतर बाहेर टाकते.

माणसाचा जीव घेणाऱ्या शंकू गोगलगाईंत ही सर्वांत धोकादायक. १९३५ साली ऑस्ट्रेलियातील हेमन बेटावर एका तरुणाने असा जिवंत शंख तळहातात धरून चाकूने वरची साल खरवडायला घेतली. दंश झाला आणि काही तासांतच तो दगावला. दंशाच्या वेळी वेदना फारशी होत नाही, ही त्यातली फसवी बाजू. पुढे बधिरपणा, अंधुक दृष्टी, स्नायूंचा लुळेपणा येतो आणि श्वासपटल थांबल्याने मृत्यू ओढवतो. ‘एक सिगारेट ओढून होईपर्यंतच वेळ’ ही इंग्रजीतली थट्टा मात्र अतिशयोक्त आहे. प्रतिविष नाही, पण विषाचा असर ओसरेपर्यंत कृत्रिम श्वास चालू ठेवला तर रुग्ण वाचू शकतो. शंख रुंद टोकाकडून धरला की धोका नाही, ही समजूतही चुकीची: दात टोचणारी सोंड तिथवर पोहोचते. लक्षद्वीप-अंदमानात उथळ पाण्यात उतरणाऱ्यांनी जिवंत शंकू-शंख उचलूच नये.

शिकारीचे विष आणि बचावाचे विष वेगळे असते, हे २०१४ च्या संशोधनातून दिसले. ती दोन्ही विषनलिकेच्या वेगवेगळ्या भागांत तयार होतात. फिलिपिन्सचे जीवरसायनशास्त्रज्ञ बाल्दोमेरो ऑलिव्हेरा यांनी १९७० च्या दशकात या विषाचा अभ्यास सुरू केला. त्यातली एक प्रथिनसाखळी ठरावीक मज्जापेशींचे कॅल्शियम-मार्ग (कॅल्शियम आत येण्याच्या वाटा) अडवते, त्यामुळे संदेश पुढे जात नाही. याच धाटणीचे, पण कोनस मॅगस या दुसऱ्या जातीपासून मिळालेले झिकोनोटाइड हे वेदनाशामक अमेरिकेत २००४ साली मंजूर झाले. ते मणक्यातील द्रवात सोडावे लागते. जिओग्राफरच्या इन्सुलिनवरही काम चालू आहे: माणसाच्या इन्सुलिनचे रेणू सहा-सहाच्या गटात बांधले जातात व सुटे व्हायला वेळ घेतात, हिच्या इन्सुलिनमध्ये तो बांधणारा तुकडाच नाही, म्हणून ते सुटे व्हायला थांबावे लागत नाही.