अमेरिकी वैद्यकीय मालिकांतील समलैंगिकतेचे चित्रण

अमेरिकी दूरचित्रवाणीवर १९६० ते १९९० या काळात डॉक्टरांच्या मालिकांमध्ये समलिंगी माणूस दिसला तो मुख्यतः पेशंट म्हणून. तो तपासणीच्या टेबलावर बसलेला, आणि त्याला काय झाले आहे, त्याने पुढे काय करायचे, हे ठरवणारा डॉक्टर समोर उभा. पोलिसी मालिकेत समलिंगी पात्र खुनी निघाले, तर प्रेक्षक ते कथेपुरते सोडून देऊ शकत. डॉक्टरने ‘हा आजार आहे’ म्हटले की ते शब्द औषधाच्या चिठ्ठीसारखे घरी जात.

या विश्वासाला संस्थांचाही आधार होता. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या सल्लागार समितीचे डॉक्टर अशा मालिकांच्या संहिता वाचून चुका दुरुस्त करून देत. ‘डॉ. किल्डेअर’ आणि ‘बेन केसी’ या १९६१ साली सुरू झालेल्या मालिकांचे कथानक कल्पित असले, तरी त्यांतले वैद्यक प्रमाण मानले जाई. दुसरीकडे, प्रसारकांच्या संघटनेच्या १९५२ च्या आचारसंहितेने लैंगिक ‘विकृती’ हा विषय दाखवण्यास सर्वसाधारणपणे अयोग्य ठरवला होता, आणि समलैंगिकता त्याच खात्यात टाकली जाई. त्यामुळे सुरुवातीची वर्षे जवळपास मौनाची आहेत. ‘द इलेव्हन्थ अवर’ या मनोविकारतज्ज्ञांवरच्या मालिकेने १९६३ साली एका अभिनेत्रीची तिच्या दिग्दर्शिकेबद्दलची ओढ दाखवली, पण तीही उपचारांच्या खोलीतच.

इथे किल्डेअरची भूमिका करणाऱ्या रिचर्ड चेंबरलेन यांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. त्या देखण्या तरुण डॉक्टरवर लाखो प्रेक्षकांनी जीव टाकला. चेंबरलेन स्वतः समलिंगी होते. काम जाईल या भीतीने त्यांनी ते दडवले, आणि २००३ साली, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, आत्मचरित्रातून जाहीर केले. पांढऱ्या कोटातला आदर्श पुरुष कसा असावा हे ज्यांच्याकडे बघून ठरत होते, त्यांनाच चाळीस वर्षे गप्प राहावे लागले.

या विषयावरचा खरा संघर्ष झाला तो ‘मार्कस वेल्बी, एम.डी.’ या एबीसी वाहिनीच्या मालिकेवरून (१९६९–१९७६). रॉबर्ट यंग यांनी रंगवलेला वेल्बी हा कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाचा प्रेमळ फॅमिली डॉक्टर. १९७०–७१ च्या हंगामात ही मालिका देशात सर्वाधिक पाहिली गेली. २० फेब्रुवारी १९७३ रोजी तिचा ‘द अदर मार्टिन लोरिंग’ हा भाग प्रसारित झाला. लोरिंग मध्यमवयीन, संसारी माणूस. मधुमेह आहे, दारू सुटत नाही, मन खचलेले, संसार मोडायला आलेला आणि मुलगा दुरावेल ही धास्ती. या सगळ्याच्या तळाशी भागाने ठेवली आहे ती त्याची पुरुषांबद्दलची ओढ. वेल्बी त्याला झिडकारत नाही. तो मायेने समजावतो की ही ओढ म्हणजे तू नव्हेस, तिच्याशी झगड, मुलाच्या नजरेत तुझा मान राहील. आणि मानसोपचारांची वाट दाखवतो. या भागात कुणी शिवी देत नाही, कुणी हात उगारत नाही, आणि म्हणूनच तो मला अधिक घातक वाटतो. मधुमेहाला आहार सांगावा तितक्या सहजतेने इथे एका माणसाला आयुष्यभर स्वतःशी लढायला सांगितले जाते.

न्यूयॉर्कमधल्या गे ॲक्टिव्हिस्ट्स अलायन्स या समलिंगी हक्कांच्या संघटनेच्या कार्यकर्त्यांना या भागाची कुणकुण आधीच लागली होती. त्यांनी एबीसीच्या कार्यालयात घुसून ठिय्या दिला. काहींना अटक झाली. भाग तरीही दाखवला गेला. संघटनेचे माध्यमांसंबंधीचे काम पाहणारे रॉन गोल्ड त्याच वर्षी मे महिन्यात होनोलुलूला अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनच्या अधिवेशनात मनोविकारतज्ज्ञांसमोर उभे राहिले आणि तुम्हीच आम्हाला आजारी पाडता आहात, थांबा, असे सुनावले. वाहिनीशी आणि वैद्यकशास्त्राशी चाललेले हे भांडण एकच होते. आदल्या वर्षी, १९७२ मध्ये, डॅलसच्या अधिवेशनात जॉन फ्रायर हे समलिंगी मनोविकारतज्ज्ञ ‘डॉ. एच. ॲनॉनिमस’ या नावाने बोलले होते, तेही मुखवटा चढवून, ढगळ कोट घालून, आवाज बदलणाऱ्या माइकमधून. खऱ्या डॉक्टरला आपल्याच व्यवसायबंधूंसमोर तोंड लपवावे लागत असताना पडद्यावरचा डॉक्टर वेगळे काय बोलणार होता?

१५ डिसेंबर १९७३ रोजी अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनच्या विश्वस्तांनी समलैंगिकता मनोविकारांच्या यादीतून काढली. विरोधकांनी सदस्यांचे मतदान मागितले. १९७४ साली ५८ टक्के मते निर्णयाच्या बाजूने पडली. वेल्बीच्या कर्त्यांपर्यंत मात्र हे पोचले नसावे. ८ ऑक्टोबर १९७४ च्या ‘द आउटरेज’ या भागात एक शिक्षक चौदा वर्षांच्या विद्यार्थ्यावर लैंगिक अत्याचार करतो. मुलाला झालेली इजा, त्याची लाज, आपण आता ‘पुरुष’ राहिलो नाही ही त्याची भीती, हे सगळे त्यात आहे. पण समलिंगी पुरुष आणि मुलांवर अत्याचार करणारा माणूस यांची सांगड प्रेक्षकांच्या मनात आधीच पक्की होती, आणि नोकरी जाईल या धाकाने वावरणाऱ्या समलिंगी शिक्षकांना ती थेट भोवणारी होती. या वेळी नॅशनल गे टास्क फोर्सने देशभर मोहीम चालवली; बॉस्टनच्या लॉरेटा लॉटमन यांनी तिची बांधणी केली. प्रायोजकांनी जाहिराती मागे घेतल्या, आणि बॉस्टन व फिलाडेल्फिया यांच्यासह काही शहरांतल्या एबीसीशी संलग्न स्थानिक केंद्रांनी हा भाग दाखवण्यास नकार दिला. समलिंगी संघटनांच्या दबावाखाली केंद्रांनी एखादा भाग नाकारावा, हे तोवर घडले नव्हते. त्यानंतर वाहिन्या अशा संहिता आधी या संघटनांना वाचायला देऊ लागल्या.

याच सुमारास सीबीएसवरच्या ‘मॅश’ने वेगळा सूर लावला. कोरियन युद्धातल्या फिरत्या शस्त्रक्रिया तळावरची ही मालिका विनोदी होती. १६ फेब्रुवारी १९७४ च्या ‘जॉर्ज’ या भागात एक जखमी शिपाई हॉकआय या तळावरच्या डॉक्टरला आपल्या अंगावरच्या वळांची हकीकत सांगतो: तुकडीत दोघांना मार बसला, एक काळा होता आणि एक समलिंगी. हॉकआय त्याच्याकडे बघतो आणि काय ते ओळखतो. तेवढ्यावर विषय संपतो. हॉकआय उपचारांची भाषा काढत नाही, कारणे शोधत नाही. तळावरचाच दुसरा डॉक्टर फ्रँक बर्न्स त्या शिपायाला सैन्यातून हाकलायला निघतो, तेव्हा हॉकआय आणि त्याचा सहकारी डॉक्टर ट्रॅपर फ्रँकचीच जुनी लबाडी बाहेर काढून त्याचे तोंड बंद करतात. वेल्बीने माणसाला तपासले होते. इथल्या डॉक्टरने त्याच्या जखमा तपासल्या.

एड्सच्या साथीने पेशंटची जागा पुन्हा पक्की केली. एनबीसीच्या ‘सेंट एल्सव्हेअर’ने २१ डिसेंबर १९८३ रोजी, म्हणजे एड्सच्या विषाणूसाठीच्या रक्ततपासणीला मान्यता मिळण्याच्या सव्वा वर्ष आधी आणि राष्ट्राध्यक्ष रेगन पत्रकारांसमोर या रोगावर बोलण्याच्या पावणेदोन वर्षे आधी, बॉस्टनच्या एका विवाहित नगरसेवकाला एड्स झाल्याचे दाखवले. रुग्ण कोण आहे हे न बघता त्याची शुश्रूषा करायची, ही या भागाची भूमिका तेव्हाच्या घबराटीत धीराची होती. तरी समलिंगी पुरुष पडद्यावर आला की तो मरणार, असा ठसा पुढच्या दहा वर्षांत अशा कथांनी उमटवला, हेही नोंदवले पाहिजे.

समलिंगी पात्राला पांढरा कोट मिळाला तो उशिरा. एबीसीच्या ‘हार्टबीट’मध्ये (१९८८–८९) मॅरिलिन मॅग्रा ही परिचारिका महिलांच्या दवाखान्यात काम करते आणि पॅटी या जोडीदारणीबरोबर राहते. मुख्य वेळेतल्या अमेरिकी नाट्यमालिकेतली ही पहिली नियमित लेस्बियन व्यक्तिरेखा. तिचे काम सगळ्यांना दिसते. दोघींच्या घरातली जवळीक मात्र कॅमेरा फारशी दाखवत नाही. मालिका वर्षभरात बंद पडली. १९९४ साली सुरू झालेल्या ‘ईआर’मध्ये केरी वीव्हर या कडक, लंगडत चालणाऱ्या डॉक्टरला आपण समलिंगी आहोत हे चाळिशीच्या आसपास उमगते. पुढे तिची जोडीदारीण सँडी, अग्निशमन दलातली, आगीत मरते. मूल सँडीने जन्माला घातलेले; तिच्या घरची माणसे त्याला घेऊन जातात, आणि रुग्णालयातल्या या वरिष्ठ डॉक्टरला स्वतःच्या मुलासाठी वकील गाठावा लागतो.