कामगारांची वैद्यकीय रजा व इजा-भरपाई (इंदूर)

कामगार आजारी पडला किंवा कामावर जायबंदी झाला, तर त्या काळातला पगार, औषधपाणी आणि कायमच्या नुकसानीची भरपाई कोणी, किती आणि कोणत्या कागदावर द्यायची, याची ही व्यवस्था. इंदुरात तिचे चालते नाव एकच आहे : बीमा. घरात अस्सल मराठी बोलणारी माणसेही नंदानगरच्या दवाखान्याला ‘विमा रुग्णालय’ म्हणत नाहीत, ‘बीमा अस्पताल’च म्हणतात, भरपाईला ‘मुआवजा’ म्हणतात, कारण अर्ज, चिठ्ठी, नोटीस सगळे हिंदीत येते. ही योजना चालवणाऱ्या कर्मचारी राज्य विमा निगमाच्या हिंदी कागदांवर ‘बीमारी हितलाभ’ (आजाराचा) आणि ‘अपंगता हितलाभ’ (कामावरच्या इजेचा) असे दोन शब्द असतात. वरवर सारखे दिसणारे हे दोन शब्द कायद्याने एकमेकांपासून फार लांब ठेवले आहेत. अपघात झाला त्या दिवशी कामगाराचा कागद यांपैकी कोणत्या शब्दाखाली लागला, यावर पुढचे जवळजवळ सगळे ठरते.

इंदूर हे गिरण्यांचे गाव. होळकर दरबाराने एकोणिसाव्या शतकात स्वतःची कापड गिरणी काढली. पुढे मालवा, हुकुमचंद, स्वदेशी, कल्याणमल, राजकुमार, भंडारी अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या भोंग्यांवर परदेशीपुरा, पाटनीपुरा, नंदानगर या वस्त्यांचा दिवस चालू लागला. त्या काळी देशात कामगारासाठी १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा तेवढा होता. हा कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला, तोही ब्रिटिश हिंदुस्थानात, संस्थानांत नव्हे. त्याने इजेचे पैसे दिले, आजाराचे नाहीत. आणि ते पैसेही मालकाशी भांडून मिळवायचे. आजारपणाचा विचार प्रथम नीट मांडला गेला तो प्रा. बी. पी. आडारकर यांच्या १९४४ च्या अहवालात. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. इंदुरात ती १९५५ मध्ये आली. आज निगमाचे मध्य प्रदेशाचे क्षेत्रीय कार्यालय नंदानगरातच, पंचदीप भवनात आहे. राज्याच्या श्रमायुक्तांचे मुख्यालयही भोपाळला नसून इंदूरला आहे. गिरण्या गेल्या, कचेऱ्या मात्र इथेच राहिल्या.

पैसा येतो तो पगारातून. १ जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगाराचा ०.७५ टक्का कापला जातो आणि मालक ३.२५ टक्के भरतो. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार यात येतो. अपंग कामगाराला ही मर्यादा २५,००० आहे. ज्याची सरासरी रोजची मजुरी १७६ रुपयांपर्यंत आहे त्याच्याकडून काहीच कापत नाहीत, पण मालकाचा वाटा भरावाच लागतो. साधारणपणे दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेला कारखाना वा आस्थापना योजनेत येते. आयटी कंपन्यांतली, वरच्या पगाराची मुले या चौकटीबाहेर राहतात. त्यांची आजारपणाची रजा कंपनीच्या नियमांवर आणि खाजगी विम्यावर चालते.

आता आजार आणि इजा यांतला फरक. समजा, सांवेर रोडवरच्या एखाद्या कारखान्यात पॉवर प्रेसवर काम करणाऱ्या माणसाची रोजची सरासरी मजुरी ६०० रुपये आहे. त्याला टायफॉइड झाला, तर बीमा डॉक्टरच्या दाखल्यावर मजुरीच्या ७० टक्के, म्हणजे दिवसाला ४२० रुपये मिळतील. त्यातही पहिल्या दोन दिवसांचे पैसे मिळत नाहीत, वर्षातून जास्तीत जास्त ९१ दिवस मिळतात आणि आधीच्या सहा महिन्यांच्या अंशदान-काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. एप्रिल ते सप्टेंबर भरलेल्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये, ऑक्टोबर ते मार्चचा लाभ जुलै ते डिसेंबरमध्ये, असे ते चक्र आहे. क्षय, कर्करोग यांसारखे ठरावीक ३४ दीर्घ आजार असतील, तर दर ८० टक्के होतो आणि मुदत दोन वर्षांपर्यंत वाढते. त्यासाठी मात्र नोकरीची दोन वर्षे झालेली हवीत.

त्याच माणसाचा अंगठा प्रेसखाली गेला, तर हिशेब पूर्ण बदलतो. दर ९० टक्के, म्हणजे दिवसाला ५४० रुपये. अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बंद राहिले की लाभ लागू होतो आणि जखम भरून येईपर्यंत चालतो. ९१ दिवसांची अट नाही. वर्गणीचे दिवसही मोजत नाहीत. काल कामावर लागलेल्या पोराला आज इजा झाली, तरी त्याचा हक्क वीस वर्षे नोकरी झालेल्या माणसाइतकाच. मला या साऱ्या कायद्यात ही तरतूद सर्वांत माणुसकीची वाटते, कारण नवखा हातच यंत्रात आधी सापडतो.

हाताला झालेले नुकसान कायमचे असेल, तर वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती टक्क्यांनी घटली ते ठरवते. कायद्याच्या अनुसूचीत अंगठ्याला ३० टक्के, तर्जनी मुळापासून गेली तर १४ टक्के, एका हाताची चारही बोटे गेली तर ५० टक्के असे आकडे आहेत. आपल्या उदाहरणातल्या माणसाला अंगठ्यापोटी ५४० चे ३० टक्के, म्हणजे रोजचे १६२ रुपये, महिन्याला सुमारे ४,८६० रुपये जन्मभर मिळतील. तो बरा होऊन पुन्हा कामावर आला, पगार पूर्वीइतकाच राहिला, तरी हे बंद होत नाही. मंडळाचा आकडा कमी वाटला, तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे किंवा कर्मचारी विमा न्यायालयात दाद मागता येते.

सुपरवायझर किंवा ठेकेदार ‘अभी बीमारी में डाल दो, बाद में देखेंगे’ म्हणतो, तेव्हा तो कामगाराकडून काय काढून घेतो, हे यावरून कळावे. रोजचे १२० रुपये जातात, हे त्यातले लहान नुकसान. अपघाताची नोंदच नसेल, तर अंगठा कामावर गेला हे पुढे सिद्ध करायचे कसे? मालकाला अपघात-वही ठेवावी लागते. तीत वेळ, जागा, यंत्र आणि साक्षीदार लिहायचे असतात, आणि अपघाताचा अहवाल निगमाच्या शाखा कार्यालयाकडे व बीमा डॉक्टरकडे विनाविलंब पाठवायचा असतो. जखमी माणसाला खाजगी नर्सिंग होममध्ये नेऊन गुपचूप टाके घालणे, तिथल्या कागदावर ‘घरी पडला’ असे लिहिणे, वहीत त्या दिवशी त्याला गैरहजर दाखवणे, ही सगळी त्या नोंदीतून पळायची वाट. पाळीवरचे सोबती त्या क्षणी घाबरलेले असतात आणि मालकाच्या गाडीने दवाखाना गाठल्याचे त्यांना बरेच वाटते. म्हणून जखमी शुद्धीवर असेल तर डॉक्टरला त्याने स्वतः सांगावे, नसेल तर सोबत्याने सांगावे : कोणत्या यंत्रावर, कोणत्या पाळीत, किती वाजता. डॉक्टरच्या पहिल्या कागदावरची ती ओळ पुढे फार कामाला येते.

मालक पुष्कळदा घाबरतो तो खर्चाला. पण योजनेत आलेल्या कारखान्याला इजेचे पैसे आपल्या खिशातून द्यायचे नसतातच, ते निगम देते. मालकाच्या अंगावर येते ते त्याने वर्गणी चुकवली असेल तर. कामगाराची नोंदणी केली नव्हती, म्हणून कामगाराचा हक्क बुडत नाही. निगम लाभ देऊन तो खर्च मालकाकडून वसूल करू शकते. ठेकेदाराच्या माणसांबाबतही वर्गणीची पहिली जबाबदारी मुख्य मालकाची असते, ठेकेदाराकडून ती त्याने मागाहून वळती करून घ्यायची. ‘तो आमचा माणूस नाही’ हे वाक्य फाटकावर कितीही ठामपणे बोलले गेले, तरी कायद्यात त्याला वजन नाही. आजारपणाचा किंवा तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चालू असताना कामगाराला कामावरून काढता येत नाही, त्या कारणाने शिक्षाही करता येत नाही.

पीथमपूर धार जिल्ह्यात असले, तरी तिथले कितीतरी कामगार इंदुरातून रोज कंपनीच्या बसने किंवा दुचाकीने जातात. बस मालकाची असेल, तर त्या प्रवासातला अपघात कामावरचा धरण्याची तरतूद जुनी आहे. घर ते कारखाना या वाटेवर स्वतःच्या वाहनाने जाताना झालेला अपघातही, वेळ, जागा आणि काम यांचा संबंध लागत असेल तर, २०१० च्या दुरुस्तीपासून इजाच धरला जातो. राऊच्या पुढे महामार्गावर पहाटेच्या धुक्यात दुचाकी घसरलेल्या माणसाला हे बहुधा कोणी सांगत नाही. तो आठ दिवस घरी बसतो आणि कमावलेल्या रजेतून दिवस कापून घेतो.

जो कामगार बीमाखाली येत नाही, त्याच्यासाठी १९२३ च्या कायद्याची वाट होती, आता तीच वाट शेवटी सांगितलेल्या नव्या संहितेत आहे. २००९ च्या दुरुस्तीने त्याचे नाव कर्मचारी भरपाई कायदा झाले. मृत्यू झाला तर मासिक पगाराच्या निम्म्या रकमेला, आणि पूर्ण कायम अपंगत्व आले तर ६० टक्क्यांना, वयानुसार ठरलेल्या अंकाने गुणायचे. तीस वर्षांच्या माणसाचा अंक २०७.९८. हिशेबापुरता पगार जानेवारी २०२० पासून १५,००० रुपयांपर्यंतच धरतात. म्हणजे अशा माणसाच्या मृत्यूची भरपाई ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये होते. देणे महिनाभर थकले, तर १२ टक्के व्याज लागते. योग्य कारण नसेल तर मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही होतो. दावा कामगार न्यायालयात चालतो, त्यावरचे अपील उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे जाते. बीमाखाली असलेल्याला मात्र ही वाट बंद आहे. एकाच इजेसाठी दोन्हीकडून मागता येत नाही.

या कायद्यातल्या दोन गोष्टी इंदूरच्या प्रत्येक कामगार-घरात माहीत असायला हव्यात. मृत्यूची भरपाई मालकाने भरपाईसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडेच जमा करायची असते. तेराव्याच्या दिवशी विधवेच्या हातात पाकीट ठेवून अंगठ्याचा ठसा घेतला, तर तो भरपाईचा भरणा ठरत नाही. आणि ‘माझा काही दावा नाही’ असे लिहून घेतलेला कागद, त्यावर कोणाचीही सही असो, कायद्यापुढे रद्द असतो. दोन लाखांत मिटवून टाका म्हणणारे मध्यस्थ पंच या दोन्ही गोष्टी कधीच सांगत नाहीत.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने १९२३ आणि १९४८ चे हे दोन्ही कायदे आपल्यात सामावून घेतले आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू करण्यात आली. भरपाईचा ५० व ६० टक्क्यांचा आणि वयाच्या अंकाचा हिशेब तिने तसाच ठेवला, ये-जा करताना झालेला अपघात भरपाईच्या प्रकरणातही आणला, आणि धोक्याचे काम चालणाऱ्या जागी एकच माणूस कामाला असला तरी विमा लागू करण्याची सोय केली. रसायने आणि रंगांची छोटी युनिटे पालदा, सांवेर रोड भागात दाटीने आहेत. चार-पाच माणसांवर चालणाऱ्या अशा जागी आजवर अपघात-वहीच नसे, तिथे या शेवटच्या तरतुदीचा खरा उपयोग आहे.