तेरा मीटर

दुपारी साडेबाराला शाळा सुटते. दोन रिक्षांच्या फटीतून दप्तर सावरत एक मूल धावत रस्त्यावर येतं. तुमची गाडी तेव्हा तेरा-चौदा मीटरवर आहे.

वेग ताशी ३० किलोमीटर असेल, तर मूल दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या साधारण एका सेकंदात गाडी ८ मीटर जाते आणि कोरड्या रस्त्यावर आणखी ५ मीटरमध्ये उभी राहते. मुलाच्या पुढ्यात, पण उभी राहते. वेग ५० असेल तर त्या एका सेकंदातच १४ मीटर संपतात. ब्रेक लागण्याआधीच धडक, तीही पूर्ण वेगाने. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे इथे जवळपास पावणेतीनपट.

"नीट बघून रस्ता ओलांड" एवढं सांगून भागत नाही. जवळ येणारी गाडी डोळ्यांना मोठी होत जाताना दिसते आणि त्यावरून मेंदू तिचा अंदाज घेतो. वेगवान गाडी तेवढ्याच सेकंदांवर असली तरी अंतराने दूर असते, म्हणून तिचं मोठं होणं कमी जाणवतं. लंडनच्या रॉयल हॉलोवे संस्थेतल्या प्रयोगांत प्राथमिक शाळेतल्या मुलांना ताशी ३२ किलोमीटरच्या वर वेग गेला की गाडी जवळ येतेय हेच खात्रीने ओळखता येईना. चूक मुलाची नाही, त्याची नजर अजून घडते आहे.

शाळेसमोर वेग टिपून चलन पाठवणारे कॅमेरे बसवा, असं काही जण म्हणतात. त्या कॅमेऱ्यांना माझा विरोध नाही. न्यूयॉर्कमध्ये शाळांच्या परिसरातले वेगकॅमेरे ऑगस्ट २०२२ पासून चोवीस तास चालू असतात आणि तिथे बेफाम गाड्या कमी झाल्या. पण कॅमेरा गाडी अडवत नाही. चलनाचा मेसेज येतो तो सगळं घडून गेल्यावर. शिवाय जागा ठाऊक झाली की लोक तेवढ्यापुरतं हळू होतात आणि पुढे पुन्हा दामटतात.

गतिरोधक मात्र त्याच क्षणी काम करतो, नीट बांधला असेल तर. रस्तेबांधणीची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मानकात तो १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, ताशी २५ किलोमीटरने सहज ओलांडता येईल असा, सांगितला आहे. आपल्याकडे मात्र वीतभर रुंदीचा, कंबर मोडणारा उंचवटा दिसतो. त्यावरचे पांढरे पट्टे पहिल्या पावसात पुसट होतात आणि दुचाकीवाले कडेच्या फटीतून निसटतात. आणि रिक्षा गेटपासून वीस पावलं पुढे उभ्या राहिल्या, तर ते मूल रस्त्यावर पाऊल टाकण्याआधीच चालकाला दिसेल.