रोलरने पिळणारे धुलाईयंत्र

धुण्याचा टब आणि त्याच्या काठावर बसवलेली रबरी रोलरांची जोडी अशी रचना असलेल्या जुन्या धुलाईयंत्राला इंग्रजीत ‘रिंगर वॉशर’ म्हणतात. यात कपडे टबात धुतले जातात आणि नंतर एकेक करून रोलरांतून पिळून काढले जातात. सोलापूरसारख्या शहरात धुलाईयंत्रे घरोघरी पोहोचली ती मुख्यतः दोन टबांची, ड्रायर असलेली. रोलरचे यंत्र इथल्या घरांत रुळले नाही. तरीही जाड सुती चादरी विणणाऱ्या आणि पाणी जपून वापरणाऱ्या या गावाला त्यातले तत्त्व परके नाही.

टबाच्या तळाशी पंखांचा एक दांडा असतो. ताक घुसळताना रवी जशी एकदा इकडे, एकदा तिकडे फिरते, तसाच तो मागेपुढे वळत राहतो आणि साबणाचे पाणी कपड्यांतून ढकलतो. अमेरिकेतील मेटॅग कंपनीने १९२२ मध्ये तळाशी असा दांडा असलेले यंत्र बाजारात आणले आणि त्या घडणीची यंत्रे तिथे अनेक दशके चालली. रोलरांची जोडी त्याहून जुनी असून एकोणिसाव्या शतकात ती हाताच्या दांड्याने फिरवली जात असे. पुढे ती मोटरला जोडली गेली आणि तिचे डोके टबावरून बाजूच्या खळबळण्याच्या पाण्यावर वळवता येऊ लागले. बेंडिक्स कंपनीच्या स्वयंचलित यंत्राने १९३७ मध्ये सुरू केलेली स्पर्धा रोलरच्या यंत्रांना हळूहळू जड गेली. मेटॅगने असे शेवटचे यंत्र १९८३ मध्ये बनवले. आजही अमेरिकेतील आमिश या आधुनिक सोयी टाळणाऱ्या ख्रिस्ती पंथाची अनेक कुटुंबे इंजिनावर किंवा दाबलेल्या हवेवर ही यंत्रे चालवतात.

या पद्धतीचा खरा गुण पाणी वाचवण्यात आहे. टब एकदा गरम पाण्याने भरला की आधी पांढरे, मग रंगीत आणि शेवटी कामाचे मळके कपडे त्याच पाण्यात धुतात. रोलरांमधून निघालेले साबणाचे पाणी पन्हळीवाटे पुन्हा टबातच पडत असल्याने साबणही वाया जात नाही. पिळलेला कपडा स्वच्छ पाण्यात खळबळतात, रोलरांतून काढतात आणि पांढरा असल्यास नीळ घातलेल्या पाण्यातून आणखी एकदा नेतात. उजनी धरणाचे पाणी नळाला रोज येत नाही आणि बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात साबणाला फेस येत नाही, हे सोलापूरकर वर्षानुवर्षे अनुभवत आले आहेत. भरलेल्या एका टबावर सगळे धुणे निघण्याचे मोल त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

नवरात्रापूर्वी ‘दसरा काढताना’ घरातील सर्व अंथरुणे-पांघरुणे धुतली जातात, तेव्हा हाताने पिळण्याचे कष्ट दिसतात. भिजलेली सोलापुरी चादर एकटीच्या हाताला आवरत नाही. म्हणून दोघी समोरासमोर उभ्या राहून तिची टोके धरतात आणि उलटसुलट पीळ देतात. पाण्याची धार पायांवर पडते, मनगटे भरून येतात आणि एवढे करूनही मधल्या भागात पाणी राहतेच. रोलर पीळ देत नाही, तो दाबतो. चादर उभी घडी घालून अरुंद कडेने आत सरकवली की दाबाच्या रेषेअलीकडे पाणी साचून खाली उतरते आणि पलीकडे कापड चपटे होऊन बाहेर येते. जाड चादरीसाठी दाबाचा स्क्रू सैल करावा लागतो, तिच्या दशा रोलरभोवती गुंडाळल्या जाणार नाहीत याकडे लक्ष द्यावे लागते, आणि टॉवेलचे दबलेले टाके वाळत घालण्यापूर्वी झटकून मोकळे करावे लागतात. बटणे घडीच्या आत घेतली नाहीत तर ती फुटतात. काम झाल्यावर रोलरांवरचा दाब काढून ठेवणे आवश्यक असते, कारण दाबाखाली राहिलेले रबर एका जागी चपटे होते.

या यंत्राचा धोका मात्र गंभीर आहे. कपड्याबरोबर बोटे आत गेली तर रोलर हात ओढून घेतात आणि तो अडकला तरी फिरत राहून कातडी सोलतात. अशा इजा विशेषतः लहान मुलांना इतक्या झाल्या की वैद्यकशास्त्रात त्यांना स्वतंत्र नाव मिळाले. पुढच्या यंत्रांत झटका देताच रोलर एकमेकांपासून सुटण्याची सोय आली, पण मुलांना यंत्राजवळ येऊ न देणे हाच खात्रीचा उपाय होता आणि आहे.

दोन रोलरांतून पाणी पिळण्याची ही युक्ती सोलापूरच्या कापडधंद्यात रोजची आहे. पूर्व भागातील तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांच्या वस्तीत वाढलेल्या माणसाला सायझिंग ठाऊक असते: ताण्याचे सूत खळीच्या कुंडातून निघते, दोन रोलरांमध्ये दाबले जाते, वाफेवर तापलेल्या सिलिंडरांवरून वाळते आणि बीमवर, म्हणजे मागाच्या मोठ्या रिळावर, गुंडाळले जाते. रोलरचा दाब कमी पडला तर सुतावर खळ जास्त राहते, वाढला तर ती पुरेशी बसत नाही. घरच्या यंत्रातील दाबाच्या स्क्रूचे गणित याच जातीचे आहे. रंगकामाच्या कारखान्यांत सूत निथळायला ‘हायड्रो’ वापरतात. हे यंत्र न दाबता, गरगर फिरवून पाणी बाहेर फेकते आणि घरातला ड्रायर त्याचेच छोटे रूप आहे. ड्रायरमध्ये बटणे, दशा आणि बोटे सुरक्षित राहतात. मात्र एकटी जड चादर टाकली की ती एका बाजूला गोळा होऊन यंत्र हादरू लागते, म्हणून ती पसरून, गोल रचून ठेवावी लागते.