शयनयानाचा 'तोटा': पार्श्वभूमी

डिसेंबर 2025 मध्ये पॅरिसहून बर्लिनला आणि व्हिएन्नाला जाणाऱ्या रात्रगाड्या बंद झाल्या. प्रवासी होते, फ्रान्स सरकारचे अनुदान थांबले. शयनयान आणि अनुदान हे नाते मात्र मुळातले नाही.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत आणि पाठोपाठ युरोपात शयनयानाचे डबे बहुतेक स्वतंत्र कंपन्यांचे असत. डबा, बिछाना, परिचारक कंपनीचे; रेल्वे तो डबा गाडीला जोडून ओढून नेई. प्रवासी रेल्वेचे तिकीट काढी आणि वर बर्थचा आकार भरी. ओढण्याचा खर्च रेल्वेच्या वहीत राही, कंपनी आपल्या डब्यापुरते पाही. अमेरिकेत मक्तेदारीच्या खटल्यानंतर 1947 मध्ये ही सेवा रेल्वे कंपन्यांच्या हाती आली. युरोपात 1971 पासून डबे राष्ट्रीय रेल्वेंच्या सामाईक ताफ्यात गेले. दोन वह्यांची एक वही झाली.

डब्याचे गणित तेव्हाही अवघड होतेच. बसण्याच्या डब्यात सत्तर-ऐंशी माणसे मावतात, खोल्यांच्या शयनयानात जेमतेम तीस-पस्तीस. बसायचा डबा दिवसात अनेक फेऱ्या करतो. शयनयानाची रात्रीत एकच फेरी, मग दिवसभर यार्डात मुक्काम. शिवाय चादरींची धुलाई आणि रात्रपाळीची माणसे.

खरा घोळ 'तोटा' या शब्दाचा आहे. 1991 मध्ये युरोपीय समुदायाने रुळांचा आणि गाड्यांचा हिशेब वेगळा ठेवायला सांगितले. तेव्हापासून गाडी चालवणाऱ्याला दर किलोमीटरमागे रूळभाडे पडू लागले, आणि तीन देश ओलांडणाऱ्या रात्रगाडीला तीन वेगवेगळे दर. विमानाचे आंतरराष्ट्रीय उड्डाणाचे इंधन मात्र करमुक्त. त्यात गाडीचा खर्च दोन प्रकारे मोजता येतो. गाडी बंद केल्यास जो खर्च खरोखर वाचेल तो एक. मुख्यालय, स्थानके, घसारा यांचा जो वाटा तिच्या नावावर टाकला जातो तो दुसरा. पहिला धरला तर गाडी तगते, दुसराही धरला तर बुडते, असे अनेकदा होते. बातमीत मात्र एकच आकडा येतो.

जर्मनीच्या रेल्वेने 2016 मध्ये आपल्या शयनयानाच्या रात्रगाड्या बंद केल्या, तो निर्णय याच आकड्यावर झाला. आदल्या वर्षी तेरा लाखांच्या आसपास प्रवासी, सुमारे नऊ कोटी युरो उत्पन्न आणि तीन कोटींवर तोटा असे सांगण्यात आले. डबे जुने झाले होते, नव्यांसाठी मोठी गुंतवणूक लागणार होती. हे खरेच. पण शेजारच्या ऑस्ट्रियाच्या रेल्वेने त्यांतलेच 42 शयनयान आणि बर्थचे 15 साधे डबे विकत घेतले आणि काही मार्ग चालू ठेवले. तिला देशांतर्गत टप्प्यांसाठी सरकारी करारांचा आधार होता, हे विसरून चालणार नाही. तरीही मोडीत काढण्याची घाई झाली, असेच म्हणावे लागते.

डिसेंबर 2023 पासून ऑस्ट्रियाने नव्या गाड्या आणल्या. सात डब्यांत 254 प्रवासी, त्यांत एकट्या माणसासाठी दार लावून घेता येईल असे छोटे कप्पे. रात्रीची फेरी मात्र अजून एकच.