स्थानिक इतिहास मंडळे व वस्तुसंग्रहालये

जिल्ह्याच्या वा तालुक्याच्या गावी नागरिकांनी वर्गणी, देणग्या व स्वतःचा वेळ घालून चालविलेल्या आणि त्या परिसराची कागदपत्रे, नाणी, हस्तलिखिते, शिलालेखांचे ठसे व पांढरीच्या (जुन्या वस्तीच्या जागेच्या) टेकाडांवरील अवशेष जतन करणाऱ्या संस्था. या नोंदीत मुख्यतः महाराष्ट्रातील, मोडी दप्तरांच्या शोधातून उभ्या राहिलेल्या मंडळांचा विचार केला आहे. संस्थानिकांची संग्रहालये (उदा., औंधचे श्रीभवानी चित्रसंग्रहालय, १९३८) आणि शासकीय संग्रहालये यांचा उल्लेख तुलनेपुरता येतो.

प्रारंभ : या परंपरेचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. काशीनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८७८ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या काव्येतिहाससंग्रह या मासिकापासून काही जण तो धरतात. मासिकाने बखरी, पत्रे व जुने काव्य छापून लोकांसमोर आणले, हे खरे. मात्र मूळ कागद एका जागी ठेवून ते अभ्यासकाला पाहू देणारी संस्था त्यातून निर्माण झाली नाही. दुसरे मत वासुदेवशास्त्री खरे यांच्याकडे बोट दाखविते. त्यांनी मिरजेत पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रे लावून १८९७ पासून ती ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने छापावयास घेतली. काम मोठे, पण एकट्याचे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. वाड्यांच्या माळ्यांवर आणि देवघरांच्या कोनाड्यांत काय पडून आहे, याची जाण सुशिक्षित वर्गाला आली ती या मालेमुळे. राजवाडे व खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी १९१० मध्ये पुण्यात स्थापन केलेले भारत इतिहास संशोधक मंडळ हा पुढच्या मंडळांचा नमुना मानणे अधिक सयुक्तिक होय. नियमित सभा, सभेत नवा कागद वाचून दाखविणे, वाचलेले इतिवृत्तात छापणे आणि मूळ कागद संस्थेत ठेवणे ही चार अंगे तेथे प्रथम एकत्र आली.

धुळे हे या नमुन्याचे मुफसल (मोठ्या शहराबाहेरील) भागातील सर्वांत ठळक उदाहरण. शंकर श्रीकृष्ण देव यांच्या पुढाकाराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे सत्कार्योत्तेजक सभा उभी राहिली आणि तिच्यामार्फत रामदासी मठांतील बाडे जमविण्याचे काम चालले. पुण्याच्या मंडळाशी मतभेद झाल्यानंतर राजवाडे यांचे अखेरच्या काळातील वास्तव्य धुळ्यात होते. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते तेथेच निवर्तले. त्यांचा संग्रह धुळ्यात राहावा यासाठी १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. भास्कर वामन भट हे त्याच्या प्रमुख आधारस्तंभांपैकी एक. ‘संशोधक’ हे मंडळाचे नियतकालिक. विदर्भात यवतमाळच्या शारदाश्रमाने यशवंत खुशाल देशपांडे यांच्या नेतृत्वाखाली महानुभावीय हस्तलिखितांवर भर दिला. नागपूरच्या विदर्भ संशोधन मंडळाचा (१९३४) कल ताम्रपट, शिलालेख व प्राचीन इतिहास यांकडे अधिक राहिला. साताऱ्याला दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७०–१९२६) यांनी जमविलेला संग्रह मात्र त्यांच्या मृत्यूनंतर गावात टिकला नाही. १९३९ मध्ये तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. तेथे तो सुरक्षित राहिला आणि अभ्यासकांची सोय झाली. तरीही ज्या वाड्यांतून ते कागद निघाले त्या वाड्यांतील माणसांना ते परके झाले, ही हानी मोजणे अवघड आहे.

शेतातून आलेल्या वस्तूंवर उभे राहिलेले संग्रहालय म्हणजे तेर (धाराशिव जिल्हा) येथील रामलिंगप्पा लामतुरे यांचे. तेर म्हणजेच पेरिप्लस या प्राचीन ग्रीक सागरप्रवास-वर्णनामध्ये पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलेले तगर, हे समीकरण जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडले व ते आता सामान्यतः स्वीकारले जाते. लामतुरे यांनी गावाभोवतीच्या टेकाडांवरून मृण्मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्या, नाणी व हस्तिदंती वस्तू वर्षानुवर्षे गोळा केल्या. त्यातील हस्तिदंती स्त्रीमूर्तीची तुलना पाँपेई येथे सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी केली जाते. हा संग्रह पुढे शासनाकडे आला आणि गावातच राहिला. अशा पृष्ठभागावरील वस्तूंना स्तर नसतो, त्यामुळे त्यांचा काळ उत्खननातील समान वस्तूंवरून ठरवावा लागतो. तेरच्या बाबतीत ही सोय आहे, कारण तेथे शास्त्रीय उत्खननेही झाली आहेत.

दप्तर उघडणे व लावणे : मंडळाकडे येणारे कागद बहुधा लाल किंवा पांढऱ्या रुमालात गच्च बांधलेले असतात. रुमाल सोडण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे आणि आतल्या पुडक्यांना वरून खाली क्रमांक द्यावेत. कागद एकमेकांशेजारी का होते, याचे उत्तर त्या मूळ बांधणीतच असते. एका वतनाच्या तंट्याचे महजर (सभेचे निर्णय), करीने (पक्षकारांच्या हकिकती) व निवाडपत्रे एका पुडक्यात असतात. ती विषयवार वा सालवार वेगळी केली की तंटा पुन्हा जुळवता येत नाही. पहिल्या पिढीतील अनेक मंडळांनी छापण्याजोगी पत्रे निवडून बाजूला काढली आणि हिशेब, जमाखर्च व यादी मागे टाकल्या. आज आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकाला नेमके तेच मागे पडलेले कागद हवे असतात.

मोडी पत्रांची शाई काजळाची असते. उजेडाने ती फिकी होत नाही, परंतु डिंकाने बांधलेली असल्यामुळे ओल लागताच पसरते. म्हणून कागद कधीही ओल्या फडक्याने पुसू नये. मऊ रुंद कुंचल्याने मधून कडेकडे झाडावा. सेलोटेप लावू नये, कारण तिचा चिकट थर काही वर्षांतच पिवळा पडून कागदात उतरतो. प्लॅस्टिकचे लॅमिनेशन तर परत काढता येत नाही. फाटलेली कड पातळ जपानी टिश्यू व मैद्याची पातळ खळ यांनी जोडावी. खळीत मोरचूद घालण्याची बुकबाइंडरांची जुनी रीत कीड रोखते, पण कागद तपकिरी व ठिसूळ करते. कागदावर मऊ शिसपेन्सिलीने, मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात क्रमांक लिहावा. रबरी शिक्का मजकुरावर मारण्याची सवय अनेक जुन्या संग्रहांत दिसते व ती खेदजनक आहे.

कपाटे भिंतीपासून व जमिनीपासून सुमारे १५ सेंमी. दूर असावीत, म्हणजे वाळवीची माती वेळीच दिसते. पावसाळ्यात रुमाल उघडू नयेत. दसऱ्यानंतर ते सावलीत वारवावेत. थेट ऊन कागदाला कडक करते. वेखंड व कडुनिंबाचा पाला कसर (कागद खाणारी बारीक कीड) दूर ठेवतो, लागलेली कसर मारत नाही. कसर लागलेले पुडके पॉलिथिनमध्ये हवाबंद करून घरगुती डीप फ्रीजरमध्ये (उणे १८ अंश से.) दोन आठवडे ठेवावे आणि बाहेर काढल्यावर ते नेहमीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर गारव्यामुळे कागदावर पाणी सुटते.

कालनिश्चिती : लहान मंडळांच्या सूच्यांत सर्वाधिक चुका येथे होतात. शकाला चैत्रापासून ३१ डिसेंबरपर्यंत ७८ आणि १ जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९ मिळवून इसवी सन येतो. राज्याभिषेक शकाचा आरंभ ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६ (६ जून १६७४) पासून आहे. पेशवाईतील बहुसंख्य कागदांवर शुहूर सन असतो व तो अरबी संख्यानामांत लिहिलेला असतो. वर्ष मृग नक्षत्री सूर्य आल्यावर, म्हणजे जूनच्या सुरुवातीस, बदलते. तेथून डिसेंबरअखेर ५९९ व जानेवारीपासून ६०० मिळवावेत. ‘सन इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १ + ६० + १०० + १०००, अर्थात ११६१. पानिपतच्या लढाईचा जानेवारी १७६१ या वर्षात पडतो.

घोटाळा होतो तो जवळजवळच्या नावांमुळे. सीत ६ व सितैन ६०, सबा ७ व सबैन ७०, समान ८ व समानीन ८०, तिसा ९ व तिसैन ९०. ‘सबा सितैन’ म्हणजे ६७, तर ‘सीत सबैन’ म्हणजे ७६. घाईने वाचणारा हे दोन अदलाबदल करतो आणि पत्र नऊ वर्षे सरकते. गंमत अशी की दख्खनी फसली सन (महसुलाच्या कामी वापरला जाणारा) शुहूर सनापेक्षा बरोबर नऊने पुढे असतो (त्याला ५९० किंवा ५९१ मिळवावयाचे), तेव्हा फसलीला शुहूर समजण्याची चूकही नऊ वर्षांचीच होते. त्यामुळे सूचीत नऊ वर्षांची विसंगती आढळली, तर मूळ चूक वाचनातली की सन ओळखण्यातली हे मूळ कागद पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

आणखी एक अडचण आहे. तारीख ‘छ’ या चिन्हाने चांद्र मासाची दिली जाते (छ १२ रबिलाखर इत्यादी), तर साल सौर असते. सौर वर्ष बारा चांद्र मासांहून सुमारे ११ दिवसांनी मोठे असल्याने मृगसालाच्या आरंभी आलेल्या काही चांद्र तारखा त्याच सालाच्या अखेरीस पुन्हा येतात. अशा तारखेला दोन इसवी तारखा संभवतात. पत्रात वार दिला असेल (मंदवासर, भृगुवासर, इंदुवासर) तर प्रश्न सुटतो. नसेल तर पिकाचा, पावसाचा किंवा फौजेच्या मुक्कामाचा उल्लेख पाहावा. दोन्ही तारखा नोंदवून ठेवणे हे एकच अंदाजाने निवडण्यापेक्षा बरे.

वस्तू, नोंदवही व कायदा : संग्रहालयाचा खरा पाया दाखल नोंदवही हा होय. अनुक्रमांक, मिळाल्याची तारीख, देणाऱ्याचे नाव, वस्तू कोणत्या गावात व नेमक्या कोठे मिळाली, मापे, स्थिती, ठेवण्याची जागा हे रकाने किमान हवेत. क्रमांक वर्ष, त्या वर्षातील दान व त्यातील वस्तू असा तीन भागांत द्यावा, १९८७.१४.३ म्हणजे १९८७ मधील चौदाव्या दानातील तिसरी वस्तू. धातू किंवा खापरावर आधी ॲसिटोनमध्ये विरघळविलेल्या पॅरालॉइड बी-७२ या ॲक्रिलिक राळेचा पातळ थर द्यावा, त्यावर शाईने आकडा लिहून पुन्हा थर द्यावा. कागदी चिठ्ठी डिंकाने चिकटविली की ती दोन पावसाळ्यांत गळते, आणि चिठ्ठीबरोबर गाव हरवते. शिवराया (मराठेशाहीतील तांब्याची नाणी) शेकडो संग्रहांत आहेत; मात्र अमुक शेतात, अमुक मडक्यात, अमुक इतर नाण्यांबरोबर सापडलेली शिवराई इतिहासाला उपयोगी पडते. तांब्याची नाणी चिंच, लिंबू किंवा पितांबरीने घासू नयेत. त्यांवर फिकट हिरवी भुकटी दिसली तर तो क्लोराइडचा रोग असतो. ते नाणे लगेच इतरांपासून वेगळे व कोरडे ठेवावे.

वीरगळ (वीराचा स्मारकशिला), सतीशिळा व गद्धेगळ (दान मोडणाऱ्यास शाप देणारी, गाढवाचे शिल्प असलेली शिळा) गावातून उचलून संग्रहालयाच्या आवारात मांडण्याची प्रथा लोकप्रिय आहे. गद्धेगळ हा दान दिलेल्या जमिनीच्या हद्दीशी निगडित असतो. जागा सुटली की त्याचा निम्मा अर्थ जातो. चोरीचा वा रस्तारुंदीचा धोका नसेल तर तो जागीच ठेवून ठसा घ्यावा. त्यासाठी दगड पाण्याने धुऊन ओलसर असताना चिवट कागद पसरावा, ब्रशने ठोकून अक्षरांत बसवावा, तो जवळजवळ सुकल्यावर शाईची गादी हलक्या हाताने फिरवावी. कागद फार ओला असताना शाई लावली तर अक्षरे भरून जातात. दगडावर ऑइलपेंट लावून अक्षरे ‘स्पष्ट’ करणे हे कायमचे नुकसान होय.

‘देणगी’ व ‘ठेव’ यांत भेद न केल्याने मंडळांचे बरेच तंटे झाले आहेत. देणगीपत्रावर सर्व वारसांच्या सह्या असाव्यात. एका भावाने दिलेली तलवार दुसऱ्या भावाचा मुलगा परत मागू शकतो. मंडळ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासदांनी व १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदविले जाते. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो वर्षानुवर्षे न दिल्याने कायदेशीर कारभारीच नाहीत आणि म्हणून अनुदान नाही, बँक खाते नाही, अशी स्थिती येते. जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे निधान १८७८ च्या कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. मंडळाने ते परस्पर ठेवून घेऊ नये. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांवरील वस्तू व ७५ वर्षांवरील महत्त्वाची हस्तलिखिते येतात. अधिसूचित प्रकारांची, उदा., शिल्पे, चित्रे व सचित्र हस्तलिखिते यांची, नोंदणी आवश्यक आहे.

प्रतिमांकन : कागद दोन्ही बाजूंनी, मोजपट्टीसह, किमान ३०० डीपीआयने टिपावा, धारिकेचे नाव दाखल क्रमांकावरूनच द्यावे. कोरी पाठही वगळू नये. सनदांच्या पाठीवर ‘सुरू सूद’, ‘बार’ असे दफ्तरी शेरे असतात व लांब पत्राचे बंद (जोडलेले कागद) जेथे चिकटविले तेथे सांध्यावर शिक्का असतो. मूळ व बनावट सनद ओळखताना पहिल्यांदा हाच सांधा तपासला जातो.